दुकान त्यांचं, फोन माझा

परवा बाबांच्या फोनमध्ये टॉर्चचं एक ॲप सापडलं. काम फक्त उजेड पाडायचं, पण त्याला सगळे नंबर, मेसेज, लोकेशन, सगळ्याची परवानगी हवी होती. बाबांनी विश्वासाने प्रत्येक ठिकाणी 'हो' केलं होतं. ते ॲप मी तिथल्या तिथे काढून टाकलं. त्यामुळे आपण ॲप्स जिथून घेतो त्या कंपन्यांच्या ॲप स्टोअरवर कुणाची नजरच नको, असं मी कधीच म्हणणार नाही. असली ॲप्स कंपनीने अडवलीच पाहिजेत.

पण चोर अडवणं वेगळं आणि मी काय बघायचं ते ठरवणं वेगळं.

२००९ मध्ये मार्क फिओरे या अमेरिकन व्यंगचित्रकाराचं ॲप ॲपलने नाकारलं. कारण काय, तर त्यात सार्वजनिक व्यक्तींची खिल्ली उडवली आहे! अहो, राजकीय व्यंगचित्रकार दुसरं काय करणार? पुढे एप्रिल २०१० मध्ये त्याला पुलित्झर हे पत्रकारितेतलं मानाचं पारितोषिक मिळालं, बोभाटा झाला आणि मग तेच ॲप मंजूर झालं. ज्याला पुलित्झर मिळत नाही त्याने कुणाकडे दाद मागायची?

याहून मोठी काळजी सरकारांची आहे. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलनात पोलीस कुठे आहेत ते नकाशावर दाखवणारं ॲप ॲपलने आधी मंजूर केलं आणि चीनच्या सरकारी वृत्तपत्राने झोडपल्यावर काही दिवसांतच काढलं. २०२१ मध्ये रशियात विरोधी नेते नवाल्नी यांच्या गटाचं ॲप ॲपल आणि गूगल दोघांनीही काढलं, तेही मतदान सुरू झालं त्याच दिवशी. आयफोनवर तर ॲपलच्या स्टोअरशिवाय ॲप घ्यायची दुसरी वाटच नव्हती. दार एकच असलं की सरकारला हजारो लोकांच्या मागे लागावं लागत नाही, एका कंपनीचा हात पिरगाळला की झालं.

या कंपन्या ॲपच्या विक्रीतून घेतात त्या ३० टक्क्यांपर्यंतच्या कमिशनचा वाद आहेच, पण तो पैशांचा. मला जास्त खुपतं ते हे कुलूप.

'दार उघडलं तर लोक फसतील' हे कंपन्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही, बाबांचा फोन मी पाहिलाय. पण त्याच ॲपलच्या मॅकवर बाहेरून सॉफ्टवेअर घेता येतंच ना? तिथे इशारा देतात आणि निर्णय माणसावर सोडतात. युरोपीय संघात मार्च २०२४ पासून आयफोनवरही दुसऱ्या स्टोअरना जागा द्यावी लागली, कायद्याने भाग पाडलं तेव्हा.

मग तेवढंच सगळीकडे करा. इशारा लाल अक्षरांत द्या, दहा वेळा विचारा, बाहेरून ॲप घेण्याचं बटण सेटिंगमध्ये हवं तितकं आत ठेवा. बाबांच्या फोनमध्ये मी ते बंदच ठेवीन. माझ्या फोनमध्ये ते चालू करायचं की नाही, हे मला ठरवू द्या.