१०८ नं काकूंना का नेलं नाही

आमच्या इंदूरच्या भावंडांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात जोरदार भांडण झालं. सुदामानगरात बंडूदादाच्या शेजारच्या काकू पहाटे झोपेतच गेल्या. कोणीतरी १०८ ला फोन लावला. गाडी आली. गाडीतल्या मुलानं नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि सांगितलं, "आम्ही बॉडी नेत नाही, शववाहन बोलवा." मग गल्लीनं त्याला आणि पायलटला (१०८ च्या ड्रायव्हरला पायलटच म्हणतात) घेरलं. ग्रुपवर निकाल लागला: माणुसकी संपली. मी लिहिलं, मुलगा बरोबर होता. तेव्हापासून मला कोणी 'सुप्रभात'सुद्धा पाठवत नाही.

१०८ ही जिवंत माणसासाठीची गाडी. ती काकूंना घेऊन निघाली असती, तर त्या वेळात राजेंद्रनगरात कोणाच्या छातीत दुखलं असतं तर? इंग्लंडात लीड्सला, जिथे मी एकोणीस वर्षं राहतोय, तिथेही घरी गेलेल्या माणसाला ॲम्ब्युलन्स सहसा नेत नाही. फरक पुढे आहे. इथला पॅरामेडिक (ॲम्ब्युलन्सवरचा प्रशिक्षित माणूस, डॉक्टर नव्हे) पलंगाशी उभा राहून 'गेले' असं म्हणू शकतो. शरीर ताठरलंय, खालच्या बाजूला रक्त साकळून डाग पडलेत, अशा ठरलेल्या खुणा दिसल्या तर छाती दाबायला सुरुवातच करायची नाही. सुरुवात केलीच आणि सगळे उपाय करूनही २० मिनिटं मॉनिटरवर सपाट रेघ राहिली, तर थांबायचं. मग कागद भरायचा आणि माणसाला त्याच्याच अंथरुणात ठेवायचं.

आपल्याकडे हे म्हणण्याचा अधिकार डॉक्टरचा. म्हणून काय होतं ते मी २०११ साली पाहिलंय. बाबा रामबागेतल्या घरी रात्री गेले. गेलेत हे आईला कळलं होतं. तरी खाजगी ॲम्ब्युलन्सवाल्यानं त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढवला, चादरीत घालून अरुंद जिन्यावरून उतरवलं आणि सायरन वाजवत एका दवाखान्यात नेलं. तिथे 'ब्रॉट डेड', म्हणजे आणलं तेव्हाच मृत, असं लिहिलं गेलं. मग पोलीस, पंचनामा, पोस्टमॉर्टम. बाबा घरी आले ते दुपारी चारला, शिवलेले. एखादा डॉक्टर घरी येऊन ४अ नंबरचा, घरी झालेल्या मृत्यूचं कारण लिहायचा फॉर्म भरून गेला असता, तर यातलं काहीही झालं नसतं. माझा राग आहे तो या धावपळीवर. १०८ च्या पोरावर नाही.

बंडूदादानं कालाहांडीचं उदाहरण काढलं. २०१६ साली ओडिशात बायकोचं प्रेत खांद्यावर घेऊन एक माणूस दहाएक किलोमीटर चालत गेला, सोबत रडणारी मुलगी. अरे दादा, तिथे कमी पडली ती शववाहिनीच. मागायची तर तीच मागू या ना, वॉर्डावॉर्डात, रात्रीसुद्धा. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर लावणाऱ्या शहराला कचऱ्याची गाडी दारात वेळेवर आणता येते. (हे वाक्य ग्रुपवर टाकलं तेव्हा दोन जण ग्रुप सोडून गेले.)

इथलं सगळं गोड आहे असं मात्र समजू नका. मृत्यू अनपेक्षित असेल तर पोलीस येतात, घशातली नळी आणि हातातली सुई तशीच ठेवतात, कारण कॉरोनर (अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) विचारेल. नंतर बिनसायरनची एक गडद रंगाची गाडी येते, अनोळखी माणसं सूट घालून येतात आणि घेऊन जातात. अंत्यसंस्काराला दोन-तीन आठवडे सहज लागतात. हे सांगितल्यावर दादा म्हणाला, "तीन आठवडे फ्रीजमध्ये? त्यापेक्षा आमचा छोटा हाथी टेम्पो बरा." यावर मला उत्तर सुचलं नाही. काकूंना दुपारी बारापर्यंत अख्ख्या गल्लीनं खांदा दिला होता.

एक अपवाद मात्र इथला मला पटतो. तान्हं बाळ अचानक गेलं, तर नियम वाकवतात. बाळ गेलेलं असलं तरी बहुतेक वेळा ॲम्ब्युलन्सच त्याला हॉस्पिटलात नेते आणि आईबापांनाही सोबत नेते. माझ्या मित्राची बायको या कामात आहे. ती म्हणते, त्या दिवशी गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही.

काल वहिनीचा वेगळा फोन आला, ग्रुपबाहेर. म्हणाली, "तुला एक सांगायचं राहिलं. तो १०८ वाला मुलगा शिव्या खाऊन लगेच गेला नव्हता रे. जायच्या आधी त्यानं काकूंचे डोळे मिटले, हात सरळ केले आणि पेटीतलं बँडेज काढून हनुवटी बांधली. आमच्यापैकी कोणाला सुचलंच नव्हतं. आणि तेव्हाही दादा त्याच्यावर ओरडतच होते."