टॅटू पिकला म्हणजे शाई बसली नव्हे

एकच मेसेज मला पंधरा दिवसांत चार ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या भावकीचा. मजकूर थोडक्यात असा: नवा टॅटू पिकला तर घाबरू नका, पिकणं म्हणजे शाई पक्की बसतेय. पाच दिवस पाणी लावू नका. हळद-खोबरेल चोपडा. खाजलं तर मेडिकलवरून खाजेची ट्यूब आणा. आजीनं गोंदलं तेव्हा कुठं होता डॉक्टर?

मी परभणीत मेडिकल चालवतो. हा मेसेज वाचून पोरं माझ्याच काउंटरवर येतात.

आधी शाईचं. सुई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक-दोन मिलिमीटर आत शाई सोडते. शरीराच्या रक्षक पेशी ती गिळून तिथंच बसतात, टॅटू टिकतो तो त्यांच्यामुळे. पुवाचा त्यात काही हात नाही. उलट पू झाला की शाईही वाहून जाऊ शकते आणि तिथं फिकट ठिगळ नाहीतर वण राहतो. पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, शाई मिसळलेली पातळ लस, एवढं चालायचंच. मग पापुद्रे सुटतात, खाज येते, दोन-तीन आठवड्यांत वरची कातडी भरते. बघायचं एकच, त्रास रोज उतरतोय की चढतोय. तिसऱ्या दिवसानंतर ठणका वाढला, लाली नक्षीच्या बाहेर पसरली, घट्ट पिवळा पू आला, तर ते पिकणं. ताप भरला किंवा हातावरून काखेकडे तांबडी रेघ चढली, तर त्याच दिवशी दवाखाना.

पाण्याचं अर्धं खरं आहे. विहिरीत, शेततळ्यात पोहायला उतरू नका, जखम भरेपर्यंत नाही म्हणजे नाही. पण धुवायचंच नाही? आपल्याकडं उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर, घाम आणि धुरळा सगळा त्या जखमेवर. दिवसातून दोनदा, आधी हात स्वच्छ करून, बिनवासाच्या साध्या साबणानं हलक्या हातानं धुवा आणि स्वच्छ कापडानं टिपून घ्या, घासू नका. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात ड्रममधलं साठवणीचं पाणी तसंच वापरू नका, उकळून गार केलेलं घ्या.

हळदीबद्दल बोललं की लोक चिडतात. हिंगोली-वसमतच्या हळदीचा मला अभिमानच आहे, पण भाजीत. शिजवून, उन्हात वाळवून, गिरणीतून येऊन डब्यात पडलेली हळद निर्जंतुक नसते. त्यात एक गोची अशी की पिवळ्या लेपाखाली लाली पसरतेय का तेच दिसत नाही. मागच्या महिन्यात एक पोरगा उन्हात फुल बाहीचा शर्ट घालून आला. बाही हाताला चिकटलेली. सलाइनच्या पाण्यानं भिजवत भिजवत सोडवली, तर खाली हळदीचं कडक कवच, आणि कवचाच्या भेगेतून पू. ‘आई’ लिहिलं होतं, हे त्यानं सांगितलं म्हणून कळलं.

त्यानं माझ्याकडं खाजेची ट्यूबच मागितली होती. या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. स्टिरॉइडनं लाली-खाज दबते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि आत जंतूंना रान मोकळं मिळतं. जखमही उशिरा भरते. लावायच्या अशा कितीतरी स्टिरॉइड औषधांना 2018 मध्ये शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी विकली जातात, आमच्याच धंद्यातून. मी दिली नाही तर पोरगं चौकातल्या दुसऱ्या दुकानात जातं, हेही मला ठाऊक आहे.

राहिली आजी. आजीचं गोंदण म्हणजे कपाळावर, हनुवटीवर चार ठिपके, हातावर तुळस. आजचा टॅटू तीन-तीन तास चालतो, अर्धा हात सोलल्यासारखा होतो. तिच्याबरोबर गोंदलेल्या कुणाला ताप आला असेल तर तो गोंदणाच्या खात्यावर कुणी मांडला नसेल. एकाच सुईनं दहा जणींना गोंदल्यावर बी किंवा सी कावीळ शिरली, तर ती वर्षानुवर्षं गप्प बसते. जत्रेत मशीन घेऊन बसलेल्याला म्हणूनच विचारायचं, नव्या सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडतोस का?

आणि पाच दिवस सांभाळलं की धोका टळला, असंही नाही. 2011 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरला 19 जणांच्या टॅटूवर पुळ्या उठल्या. दोष निघाला आधीच पातळ करून आलेल्या राखाडी शाईत, त्यात क्षयाच्या जंतूंच्या भावकीतला जंतू होता. अशा पुळ्या दोन-तीन आठवड्यांनीही उठतात, नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाहीत, तुकडा काढून तपासावा लागतो. फक्त लाल रंगाचाच भाग फुगून खाजत असेल तर ती बहुधा ॲलर्जी, ती काही महिन्यांनीही उठू शकते.

त्या पोराला दवाखान्यात जायचं नव्हतं. का, तर डॉक्टर टॅटू खरवडून काढतात असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. त्वचेच्या डॉक्टरांनी पू तपासायला घेतला, गोळ्या लिहिल्या, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारलं, साखर बघितली. खरवडलं काही नाही. परवा तो पुन्हा आला, हात भरलाय. फक्त ‘ई’वरचा रफार पुवाबरोबर गेला, आता ‘आइ’ वाचता येतं.