युरोच्या नावानं पेट्रोलचं रडगाणं

आपल्या सीमाभागातल्या ग्रुपवर एक मेसेज लय फिरतोय. युरोपात चलन एक, म्हणून सगळ्या देशांचे अर्थमंत्री दर महिन्याला बसून व्याजदर आणि टॅक्स सगळ्यांसाठी एकच ठरवतात, नियम मोडला की दंड, आणि आपल्याकडे रुपया एक असून कर्नाटकातल्या निपाणीला आणि महाराष्ट्रातल्या कागलला पेट्रोलचा रेट वेगळा. शेवटचं तेवढं खरं हाय, बाकीचं बघूया की.

व्याजदर मंत्र्यांच्या हातातच नाही, तो फ्रँकफर्टची युरोपियन सेंट्रल बँक ठरवते. मंत्र्यांची बैठक म्हणजे युरोग्रुप, १९९८ पासून चालू, आणि युरोपियन युनियनच्या लिस्बन करारातच तिला अनौपचारिक म्हटलंय. तिथे कायदा होत नाही, एकमेकांची बजेटं बघायची आणि कान टोचायचे. पण म्हणून हलकं समजू नका, २०१५ ला ग्रीसला कर्ज द्यायचं का नाही यावर ह्याच मंडळींनी रात्री जागवल्यात.

टॅक्स एक? लक्झेंबर्गला व्हॅट १७ टक्के, फिनलंडला साडेपंचवीस. आणि गंमत म्हणजे लक्झेंबर्गात इंधन स्वस्त म्हणून जर्मनी, फ्रान्स, बेल्जियमच्या गाड्या वर्षानुवर्षं बॉर्डर ओलांडून टाकी फुल करायला येतात, म्हणजे कोगनोळी नाक्याच्या अलीकडं, कर्नाटकातल्या पंपावर कोल्हापूरच्या एमएच ०९ च्या गाड्या दिसतात तसंच, नोट एक असूनही.

दंडाचं तर सोडाच. सरकारी तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम हाय, पण २००३ ला जर्मनी आणि फ्रान्सच त्याच्या बाहेर गेले तेव्हा मंत्र्यांनीच कारवाई थांबवली. २०१६ ला स्पेन-पोर्तुगालचा दंड ठरला शून्य.

उलट आपल्याकडं जीएसटीचे रेट ठरवणारी केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांची जीएसटी कौन्सिल हाय. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठराव पास व्हायला तीन चतुर्थांश लागतं, म्हणजे एकट्या दिल्लीचंही चालत नाही आणि दिल्लीला सोडूनही चालत नाही. कर्नाटक-महाराष्ट्राचे मंत्री तिथं एकाच टेबलाला बसतात, म्हणून साबणावरचा टॅक्स बेळगावात आणि कोल्हापुरात सारखाच. पेट्रोल-डिझेल त्यात अजून आणलेलं नाही, कधी आणायचं ते कौन्सिलनंच सांगायचं. २०२१ ला लखनौच्या बैठकीत विषय निघाला तर राज्यांनीच नको म्हटलं, कारण पेट्रोल आणि दारू सोडली तर स्वतः रेट वाढवून पैसा उभा करायला त्यांच्या हातात फारसं काही उरलेलंच नाही.