२० मिलिग्रॅमला हिणवू नका

आमच्या लालबागच्या भावंडांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. चाळीतल्या एका काकांना तोंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, शेक (रेडिएशन), केमो हे ठरलेले उपचार होणारच आहेत, पण त्यांच्या जोडीने इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारं औषध, द्यायची एक ट्रायल (चाचणी) आहे, येता का, असं डॉक्टरांनी विचारलं. मावसभावाने निकाल देऊन टाकला: "गरिबांवर प्रयोग करतात. सही करू नका." दुसऱ्याची त्यावर भर: "द्यायचं तर पूर्ण द्या म्हणावं, टाटामध्ये देतात तसा डोसचा दहावा हिस्सा नको."

मी इथे बोस्टनला ट्रायल्सच्या आकडेवारीचंच काम करते, म्हणून हे वाचून जास्त चिडले. लाँगवुडला, इथल्या मोठ्या हॉस्पिटलांच्या भागात, ट्रायलमध्ये नाव लागावं म्हणून लोक मेन राज्यातून गाडी चालवत येतात. त्यांना कुणी बिचारे म्हणत नाही.

ज्या चाचणीने तोंड-घशाच्या कॅन्सरचा उपचार बदलला, तिचे एक प्रमुख बोस्टनच्याच डेना-फार्बर कॅन्सर हॉस्पिटलचे डॉ. रवींद्र उप्पलुरी. ऑपरेशन होऊ शकेल असे ७१४ रुग्ण होते. ऑपरेशन, शेक आणि गरज असेल तिथे सिस्प्लॅटिनची केमो हे दोन्ही गटांना होतंच. एका गटाला त्याशिवाय पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध: २ डोस ऑपरेशनच्या आधी, १५ नंतर. तीन वर्षांनी आजार न वाढता, न उलटता जगणारे त्या गटात ५७.६ टक्के, दुसऱ्यात ४६.४. जून २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण त्याआधी काय झालं, तेही मावसभावाने ऐकावं. याच जातीची औषधं केमो आणि शेक यांच्यासोबत देऊन पाहिली, तेव्हा मोठ्या चाचण्या फसल्या. त्यातल्या अ‍ॅव्हेलुमॅबच्या चाचणीत तर आकडे औषध न मिळालेल्यांच्या बाजूने झुकले. गाठ अंगात असतानाच औषध दिलं तर प्रतिकारशक्ती तिला ओळखायला शिकते, असा एक तर्क आहे. क्रम बदलला आणि निकाल बदलला. करून पाहिल्याशिवाय हे कुणाला कळलं असतं?

आता तो 'दहावा हिस्सा'. परळच्या टाटा हॉस्पिटलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष यांच्या चमूने आजार फार पुढे गेलेले १५१ रुग्ण घेतले. स्वस्त गोळ्यांच्या उपचाराला निव्होलुमॅब या त्याच जातीच्या औषधाची जोड दिली, तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांना २४०, म्हणजे हे दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षभराने जिवंत असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ते रुग्ण काकांसारखे ऑपरेशनच्या टप्प्यावरचे नव्हते. म्हणूनच तर या टप्प्यावरही हे तपासायला हवं, आणि ते परळलाच तपासायला हवं. तंबाखूने सडलेले गाल आणि जबडे तिथे रोज येतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या कुटुंबाला १७ पूर्ण डोस परवडतील का, हा प्रश्न इथे बोस्टनमध्ये कुणाला पडणार?

"तू तिकडे इन्शुरन्सवर बसून बोलतेस," असं उत्तर आलं. खरं आहे. प्रायर ऑथरायझेशनचे, म्हणजे उपचाराआधी विमा कंपनीची मंजुरी घ्यायचे, हेलपाटे सोडले तर मला काही कमी नाही.

पण टाटाच्या याच २० मिलिग्रॅमच्या शोधनिबंधावर ऑफिसात चर्चा झाली तेव्हा एकजण म्हणाला, गरीब देशांपुरतं ठीक आहे. मी ताडकन म्हटलं, आमच्या हॉस्पिटलने हे सिद्ध केलंय. आमच्या! पगार इथला, घर इथलं, पण तो शब्द परळसाठी निघाला. मावसभाऊ आणि तो सहकारी एकच गोष्ट बोलताहेत, की हे गरिबांसाठीचं, म्हणून कमी दर्जाचं, आणि सहकाऱ्यापेक्षा मावसभावाचं मला जास्त लागतंय. माझा मामा जबडा काढूनही गेला. तेव्हा ही औषधंच नव्हती.

काकांनी संमतीपत्र मराठीत मागावं. घरी न्यावं. मध्येच बाहेर पडायचा हक्क त्यांना आहे. ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई २०१९ च्या नियमांत आहे, ती कशी मिळणार ते विचारावं. मग सही करायची की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवावं, आमच्या ग्रुपने नाही. त्या कागदांचे फोटो मला पाठवा. तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा माझी रात्र असते, तरी फोन करा. ओळन् ओळ वाचून सांगेन.