ग्रामसभेचं रजिस्टर आणि तीन उमेदवार

गावात सरपंचपदासाठी माघारीनंतर तीन फॉर्म राहिलेत. जागा खुली. पारावर सध्या एकच हिशोब चाललाय, कोणाची भाऊबंदकी केवढी आणि कोणता वॉर्ड कोणाकडे झुकतो. मी तिघांनाही एकच प्रश्न विचारला: निवडून आलात तर ग्रामसभा कशी घेणार?

हाच प्रश्न का, ते सांगतो. मागच्या महिन्यात दाखल्यासाठी पंचायतीत गेलो, तर टेबलावर ग्रामसभेचं रजिस्टर उघडं पडलेलं. 26 जानेवारीच्या सभेला माझी सही. त्या दिवशी मी सुरतेला मेहुण्याकडे होतो. सही चांगली होती हो, माझ्या खऱ्या सहीपेक्षा वळणदार.

पहिले आण्णा, दोन टर्म सरपंच राहिलेले. प्रश्न ऐकून हसले. "ग्रामसभाले येस कोन, भाऊ?" खोटं नाही बोलले. कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी ते. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी दहाला एवढी माणसं आणायची कुठून? मग सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागतच नाही, आणि ती पुन्हा कधी भरली ते फक्त शिपायाला ठाऊक. गावाचा वर्षाचा आराखडा आमच्याकडे असा मंजूर होतो, सात-आठ डोक्यांत.

पण यावर आण्णांचा उपाय काय, तर निवडणूकच नको. चार शहाण्यांनी बसून ठरवावं. मंदिराला भरघोस देणगी देऊन बिनविरोध व्हायचा प्रस्ताव त्यांचाच होता. मी त्यांना खोंडामळीची आठवण दिली. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलंच गाव. 2021 साली सरपंचपदाच्या लिलावावरून राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक रद्द केली होती, नाशिककडच्या उमराण्याचीही. आण्णा म्हणाले, "तो लिलाव व्हता, हायी देणगी शे." फरक मला अजून समजलेला नाही.

दुसरा पोरगा पुण्याहून नोकरी सोडून आलेला, आता आपल्याशीही शुद्ध बोलतो. सगळे निर्णय व्हॉट्सअप ग्रुपवर मतं घेऊन. आमच्या ग्रुपवर कोणी एकच प्रश्न दोनदा विचारला की ॲडमिन त्याला काढतो, आणि ॲडमिन कोण ते सांगायला नको. थेट सरपंच, म्हणजे सदस्यांनी नाही तर गावाने मतं देऊन निवडलेला, सरकारने 2017 ला आणला, 2020 ला काढला, 2022 ला परत आणला. याने त्याचा अर्थ असा घेतलाय की मला अख्ख्या गावाने निवडलं, मग सदस्यांना कशाला विचारू! महिन्याचा खर्च ग्रुपवर टाकीन म्हणाला, तेवढं मात्र आण्णांच्या दोन टर्ममध्ये झालं नाही.

तिसऱ्या बचत गटवाल्या वहिनी. त्यांनी उलट मलाच विचारलं, "ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते ना भाऊजी? आपल्याकडे शेवटची कधी झाली?" मला सांगता आलं नाही. त्यांचं म्हणणं साधं आहे. सभा रात्री आठला, जेवणं उरकल्यावर, शाळेच्या पटांगणात, आणि पहिला विषय पाण्याचा. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. तो कुठे कुठे लागला, हे त्या चौकात उभं राहून विचारतात. पुरुषांपैकी आजवर कोणी विचारलं नव्हतं, मी पण नाही.

मग मी विचारलं, खुर्चीवर तुम्हीच बसणार की दादा? दादा ओट्यावर बसून ऐकत होते. वहिनींनी तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बघू." हा "बघू" मला खटकलाय. तरी माझं मत त्यांनाच. कोणाला राग आला तर येऊ द्या, त्याच भाऊबंदकीत मीही आहे.

निघताना रजिस्टरची गोष्ट सांगितली. ठराव सभेतच वाचून दाखवायचे आणि सह्या तिथेच घ्यायच्या, एवढं कराल का? वहिनी म्हणाल्या, "करेन. पण भाऊजी, पुढच्या 26 जानेवारीला सुरतेला जाऊ नका."