पिंट्याचा ओटा आणि अण्णांचा पाइप

पिंट्या कट्ट्यावर आला तो मोबाइल पुढं धरूनच. पडद्यावर पांढरंशुभ्र स्वयंपाकघर. डबा नाही, पोळपाट नाही, मिक्सर नाही. कोपऱ्यात एका बशीत चार लिंबं.

"आषाढी झाली की नारळ, गौरीचा नैवेद्य नव्या ओट्यावर," पिंट्यानं जाहीर केलं.

"आमटी कुठं करत्यात रं ह्यात?" बापूनं फोन उलटासुलटा करून बघितला.

ओव्हरसियर अण्णा भडंग निवडत होते. म्हणजे शेंगदाणे त्यांचे, चुरमुरे आमचे. मान वर न करता म्हणाले, "आषाढ-श्रावणात सांगलीच्या गावभागात स्वयंपाकघर फोडणारा तूच रे बाबा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर माणसं पुराचे फूट मोजत उभी असताना तू टाइल मोजणार."

"दोन महिने हायत अण्णा."

"प्लास्टर वाळलं तर. बरं ते जाऊ दे. तुझ्या सिंकचं पाणी जातं कुठं?"

"गटारीत."

"कुठल्या वाटेनं? किती इंची पाइप? उतार कुणीकडं?"

पिंट्यानं मोबाइलकडं बघितलं. तिथं उत्तर नव्हतं.

खरं तर चर्चा इथंच संपायला हवी होती. पण सर होते. सरांना प्लायवूडबद्दल बोलायचं होतं.

अण्णांनी हिशेब मांडला तो असा: सिंकचा पाइप 2 इंची, उतार चाळीसात एक. म्हणजे 10 फूट लांबी असेल तर 3 इंच खाली जायला पाहिजे. पिंट्याला सिंक उचलून खिडकीखाली न्यायचंय, मोरीपासून 11 फूट लांब. एवढा उतार फरशीखाली मिळतोय का, हे आधी बघायचं. नाही मिळाला तर खरकटं पाइपातच बसतं आणि महिन्याभरात वास सुटतो. मग लोक सिंकला दोष देतात आणि महागडं सिंक आणतात.

"पहिलं फोडणं, मग भिंतीतल्या खाचा, नळाचे पाइप, विजेचे पाइप. टाइल लागायच्या आधी नळाला प्रेशर लावून रात्रभर ठेव. सकाळी प्रेशर-मीटरचा काटा खाली आला तर गळती कुठंय ते तेव्हाच हुडकायचं. नंतर हुडकायचं म्हंजे टाइल फोडायची. ट्रॉल्यांच्या कपाटांची मापं सगळ्यात शेवटी."

"पण ट्रॉलीवाला मापं आजच घेऊन गेला की!"

"कशाची? जुन्या भिंतीची? दोन्हीकडनं प्लास्टर आणि टाइल मिळून दोन-अडीच इंच आत येणार. ते कपाट आता गच्चीवर ठेव, कबुतरांना होईल."

सरांनी चष्मा पुसला. सरांचं बोलणं फळ्याकडं तोंड करून असतं, कट्ट्यावरही. "आयएस 303 चं साधं प्लाय म्हणजे एमआर, ओल सोसणारं. आयएस 710 म्हणजे बीडब्ल्यूपी, उकळत्या पाण्यातही न सुटणारं. 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. तेव्हा 710 घ्यावं. विषय संपला."

"सर, कृष्णा पाणी उकळून पाठवत न्हाई," बापू म्हणाला.

हशा झाला, पण मुद्दा बापूचाच बरोबर होता आणि अण्णांनी तो उचलला. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची खूण 45 ला. पिंट्याच्या भिंतीवर त्या साली गाळाची जी रेघ उमटली, ती ओट्याच्या वीतभर वर आहे आणि रंग देऊनही दिसते. अशा घरात 710 चं प्लाय टिकेलही, पण कडांना लावलेली पट्टी सुटणार, गाळ ट्रॉली सरकवणाऱ्या चॅनलच्या गोळ्यांत शिरणार आणि तो वास चार दिवाळ्या जात नाही. वरच्या कपाटांना खुशाल प्लाय लाव. ओट्याखाली कडाप्प्याचे उभे पाय, अॅल्युमिनियमच्या चौकटीची दारं आणि उचलून माडीवर नेता येतील अशा स्टीलच्या ट्रॉल्या. पाणी येतंय कळलं की अर्ध्या तासात ओट्याखालचा सगळा संसार वर.

"कडाप्पा म्हणजे आज्जीचं स्वयंपाकघर," पिंट्या नाराज.

"आज्जीचं अजून उभं हाय न्हवं?"

पण कडाप्प्यातही गोम आहे, आणि ती अण्णांनी लपवली नाही. ट्रॉलीच्या बास्केट ठरलेल्या मापाच्या येतात: 15, 17, 19, 21 इंची. गवंडी आधी पाय उभे करतो, मग ट्रॉलीवाला येतो आणि डोक्याला हात लावतो. पायांमधलं अंतर वर 20 इंच आणि खाली पावणेवीस भरलं की चॅनल अडकलाच. मग छिन्नीनं कडाप्पा तासत बसायचं. म्हणून बास्केट आणि चॅनल आधी आणून गवंड्यापुढं ठेवायचे आणि प्रत्येक पायाला ओळंबा लावायचा. तीच गोष्ट सिंकची नि शेगडीची. ओट्यात बसवायची शेगडी असेल तर प्रत्येक मॉडेलचं भोक वेगळं. वस्तू हातात नसताना ग्रॅनाइट कापायचं नाही. सिंकच्या पुढची पट्टी 3 इंच तरी ठेवायची. दीड-दोन ठेवली तर उचलतानाच तडकते.

"स्टील मी 304 च घेणार. मॅग्नेट लावून बघणार," पिंट्यानं खिशातनं खरंच मॅग्नेट काढला. फ्रिजवरचा, गणपतीचा.

"हलक्या प्रतीच्या 202 स्टीलला पण चिकटत न्हाई तो," अण्णा म्हणाले. "बाप्पाला कशाला साक्षीला काढतोस? बिलावर 304 लिहून घे, आणि दुकानदारापुढंच स्टीलवर रसायनाच्या थेंबाची चाचणी कर. लिहायला का-कू करायला लागला की समज."

मध्येच पांढऱ्या ओट्याचा विषय निघाला. क्वार्ट्झ. सांगलीत! हळदपेठेच्या गावात पांढरा ओटा करायचा आणि मग हळदीच्या प्रत्येक डब्यावर पहारा बसवायचा. शिवाय क्वार्ट्झमध्ये राळ असते, गरम कढई थेट टेकवली की डाग कायमचा. काळं ग्रॅनाइट घ्यावं आणि टाइलच्या सांध्यात इपॉक्सी भरावं. साधं पांढरं सिमेंट पहिल्याच लोणच्याला पिवळं होतं. (हे मत माझंही आहे, पण मला कुणी विचारलं नाही.)

"ओट्याची उंची किती धरलीस?" बापू.

"36. मी उभा राहून बघितलं, एकदम परफेक्ट."

"तू उभा राहून? ओट्यापुढं तू कवा उभा असतोस?"

"मॅगी कोण करतं मग?"

"मॅगीला 36 चालतं. पोळ्या लाटायला खांदे भरून येतील वहिनींचे." अण्णांनी पिंट्याला उभं केलं, कोपर दुमडायला लावलं. "जमिनीपासनं कोपरापर्यंत मोज, त्यातनं 5 इंच वजा कर. वहिनींचं 38 भरलं तर ओटा 33. तुझं माप तुझ्या मॅगीला."

विजेचं अण्णांनी घाईत उरकलं, कारण पुड्यातले शेंगदाणे संपत आले होते. फ्रिज, मायक्रोवेव्ह, गीझर ह्यांना 16 अँपिअरचे वेगवेगळे पॉइंट. सगळ्यांवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. वायरी वरनं खाली आणायच्या, जमिनीलगत फिरवायच्या नाहीत, आणि बोर्ड त्या गाळाच्या रेघेच्या वर. गॅसचा रबरी पाइप भिंतीतनं ओवायचा नाही, दीड मीटरच्या वर घ्यायचा नाही, 5 वर्षांनी बदलायचा. सिलिंडरच्या कपाटाला जाळी खालच्या बाजूला, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, तळाला साचतो. "आणि गटारीच्या पाइपाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाणी उलटं येऊ न देणारा. पूर दारातनं येतो हे पेपरवाल्यांचं. आधी तो मोरीतनं येतो."

"फोडायला शिडी लागंल," बापू अचानक म्हणाला. "माझी हाय तुझ्याकडं. 2019 पासनं."

"देणार हाय की मर्दा."

"पुराला नेलीस. पूर गेला, करोना आला, परत पूर आला, तोही गेला."

सर म्हणाले, उसनवारीला मुदत नसेल तर... कुणी ऐकलं नाही.

अण्णांनी तोडगा काढला. "घरी फोन लाव, स्पीकरवर. वहिनींना विचार, आत्ताच्या स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो."

पिंट्यानं लावला. पलीकडनं कुकरची शिट्टी झाली, मग आवाज आला: "त्रास? आधी ती बापूभावजींची शिडी नेऊन द्या. फ्रिजची जागा तिनं अडवलीय, म्हणून सात वर्षं फ्रिज सोप्यात हाय."

बापू हसता हसता कट्ट्यावरनं घसरला. सरांचा चष्मा पडला. पिंट्या फोन बंद करायला गेला तर व्हिडिओच चालू झाला, परत ती लिंबं.

अण्णांनी पुडा झटकला. "16 अँपिअरचा पहिला पॉइंट तिथंच काढ. शिडीमागं."