नेहरूंनी खणलेली माती आणि बाबूशेठचे पेव्हर ब्लॉक

‘खंदकात बोटिंग, कडेनं पेव्हर ब्लॉक, दरवाज्यापाशी संगीत कारंजं आणि बुरुजावर "आय लव्ह नगर"!’

चहा यायच्या आत बाबूशेठचा किल्ला तयार होता. दोन्ही हात पसरून तो अशा थाटात सांगत होता, की टपरीवरच्या पोराला वाटलं कुणाच्या लग्नाचा मांडव ठरतोय.

लष्कराच्या ताब्यातला नगरचा भुईकोट किल्ला सर्वांसाठी मोकळा करा, भोवती बाग करा, आत कलादालन करा, हे आपण शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. आता तीच मागणी पुन्हा निघालीय.

‘बोटिंगला पाणी कुठून आणायचं?’ बापूने विचारलं.

‘टँकर.’

‘मपल्या नळाला दिवसाआड पाणी येतंय आणि तू खंदकात टँकर वतणार?’

बाबूशेठ म्हणाला, विकासात असे प्रश्न विचारायचे नसतात. मग त्याने खिशातून पेन काढून पेपरच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडायला घेतले. ती त्याची जुनी सवय आहे. दहावीच्या पेपरातही त्याने हेच केलं होतं.

शैलाताई तोवर गप्प होत्या. तीस वर्षं इतिहास शिकवलेली बाई, घाई करत नाहीत. बशी खाली ठेवून म्हणाल्या, ‘बाबू, हे गाव निजामशाहीतही कोरडंच होतं. तरी इथं बागा झाल्या. का झाल्या? आधी कापूरवाडीकडून, वडगावाकडून, शेंडीकडून खापरी नळांनी पाणी आणलं. मग १५८३ साली फराहबागेचा महाल हौदाच्या मधोमध उभा राहिला. त्यांनी आधी पाणी आणलं आणि मग बाग केली. तू आधी कारंजं करणार आणि मग निविदा काढणार.’

‘ताई, मी कुठं निविदा म्हणालो?’

‘पेनानं म्हणालास.’

युसूफभाईला ठसका लागला.

बापूची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला असते, हे कट्ट्याला माहीत नाही असा दिवस जात नाही. तिथल्या प्रेसिडिओ नावाच्या बागेत ती रविवारी मुलाला घेऊन जाते. तोही लष्कराचाच तळ, १७७६ साली स्पॅनिशांनी वसवलेला. १९९४ साली सैन्य निघून गेलं. जुन्या बराकी, अधिकाऱ्यांची घरं पाडली नाहीत, नीट करून भाड्याने दिली आणि त्या भाड्यावर आज सगळं चालतं. बागेत जायला पैसे पडत नाहीत. बापूने हे सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलेलं आहे आणि नातवाच्या घसरगुंडीसकट सांगितलं.

‘बघा! भाडं!’ बाबूशेठ उसळला. ‘मी काय वेगळं म्हणतोय? तटाच्या आतून गाळे काढायचे.’

‘तिथं सैन्य गेलं होतं. आपल्याकडं आहे,’ शैलाताई म्हणाल्या. ‘आणि आहे म्हणून किल्ला आहे. शहराला चहूबाजूंनी तट होता. त्यातला माळीवाडा आणि दिल्ली दरवाजा सोडून काय राहिलं, दाखव मला. किल्ला शहराच्या ताब्यात असता तर खंदकात आज तुझे गाळे असते आणि बुरुजावर तुझाच वाढदिवसाचा फलक.’

हे मला मनापासून पटतं. किल्ला उघडा म्हणताना आपण लष्कराला खलनायक करतो. आज ओळखपत्र दाखवून आत जावं लागतं याचं आपल्याला वाईट वाटतं, मलाही वाटतं. पण तो पावणेदोन किलोमीटरचा घेर आणि रुंद खंदक गिळला गेला नाही, तो त्या पहाऱ्यामुळेच. रणगाडा संग्रहालय लष्कराने १९९४ पासून लोकांसाठी चालवून दाखवलंय. तेव्हा लष्कराला बाहेर काढून बाग करण्यापेक्षा लष्कराला सोबत घेऊन करावी, असं माझं म्हणणं मी मांडलं.

‘तुझं नेहमीचंच, दोन्ही डगरींवर,’ बापू म्हणाला. लगेच १९८७ च्या गणपती मंडळाच्या वर्गणीचा विषय निघाला. ते पैसे मी कुणाकडे दिले होते ते मी पुन्हा एकदा सांगितलं आणि पुन्हा एकदा कुणी मानलं नाही.

विषय किल्ल्यावर आणला तो युसूफभाईने. त्याच्या घरात तीन पिढ्या गवंडीकाम. तो म्हणाला, ‘कारंजं करा नाहीतर कलादालन करा, पण भिंतीला सिमेंट लावू नका. दगड चुन्यात बसवलेला आहे. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगडाचा पापुद्रा सुटायला लागतो.’ बोलता बोलता त्याने टपरीच्या ओट्याचा सुटलेला एक तुकडा उचलला, अंगठ्याने चोळला, पांढरी भुकटी आमच्यासमोर धरली. ‘हे सिमेंटचं. पाच वर्षं नाही झाली. अब्बा चुना भिजवून ठेवायचे, घाण्यात मळायचे, बेलफळाचं पाणी घालायचे. एका भिंतीला महिने लागायचे. आणि तटात पिंपळ उगवलाय तो नुसता वरून छाटू नका. मूळ आत राहिलं की चिरा हलवतं.’

‘एवढा वेळ कुणाला आहे?’ बाबूशेठ म्हणाला.

‘चांदबीबीला नव्हता,’ शैलाताई म्हणाल्या. ‘मोगलांनी सुरुंग लावून तट फोडला, १५९६ साली. रातोरात खिंडार बुजवलं तिनं. तुझ्या चौकातला खड्डा मागच्या दिवाळीपासून आहे.’

यावर बाबूशेठही हसला, पण हरला नाही. म्हणाला, लोकांना इतिहास नको असतो, पैसे खर्च करायला जागा हवी असते, पैसे असले की कुठलाही किल्ला उघडतो.

‘हे मात्र खरं बोललास,’ शैलाताई म्हणाल्या. ‘१७५९ साली पेशव्यांनी हा किल्ला किल्लेदार कवीजंगाला पैसे चारूनच घेतला. गोळी न झाडता. तुझी परंपरा जुनी आहे.’

बापूने टाळी दिली. ती त्याने बाबूशेठच्या पाठीवर दिली, जोरात.

त्यानंतर ताई जे बोलल्या, त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो आहे. ९ ऑगस्ट १९४२ ला पकडलेले काँग्रेस कार्यकारिणीचे बाराजण या किल्ल्यात आणून ठेवले, हे आपल्याला पाठ आहे. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथे १९४४ साली पाच महिन्यांत लिहिलं, हेही पाठ आहे. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला ते सांगतात, की मी इथे बागकाम करतो. भर उन्हात तासन् तास वाफे खणतो. माती वाईट, दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली. खणताना पुरलेल्या भिंती लागल्या, घुमटांची टोकं लागली. एकदा भिंतीवर दगडात कोरलेलं सुंदर कमळ निघालं, बहुधा एखाद्या दाराच्या वरचं. आणखी खोल जाता आलं नाही, कारण कैद्यांनी खोल खणणं अधिकाऱ्यांना मंजूर नव्हतं.

‘म्हणजे बाग तर ऐंशी वर्षांपूर्वी सुरू झाली,’ शैलाताई म्हणाल्या. ‘पहिला माळी नेहरू. आणि पहिल्याच माळ्यानं सांगून ठेवलंय की खाली काय आहे. आता आपल्याला कुणी अडवत नाही, तर आपण तिथं आधी नीट उत्खनन करायचं की त्यावर लॉन अंथरायचं?’

कुणी काही बोललं नाही. मला शाळेत असताना वडिलांबरोबर पंधरा ऑगस्टला झुलत्या पुलावरून आत गेलेलो आठवलं. पुलाखाली खंदकात नुसतं गवत होतं. वडील म्हणाले, इथं बसून लिहिलंय. मी खाली बघत राहिलो, जणू काही लिहिलेलं तिथं जमिनीवर दिसणार होतं. त्या जमिनीखाली कमळ आहे हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

कलादालनाबद्दल माझं भांडण नाहीच. गोव्यात रेईश मागूशचा किल्ला १९९३ पर्यंत तुरुंग होता. तो दुरुस्त करून २०१२ साली खुला केला आणि आत मारिओ मिरांडांची चित्रं लावली. मी तिथे अर्धा दिवस होतो. तुरुंगाच्या जागी चित्रं शोभून दिसतात. आपल्याकडे तर शोधायलाही जायला नको. त्या बाराजणांतल्या मौलाना आझादांनी या किल्ल्यातून पत्रं लिहिली, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांवर, पहाटेच्या चहावर. १९४३ साली बेगम गेल्याची खबर त्यांना इथेच मिळाली. ‘ती पत्रं उर्दूत आणि मराठीत, चिमण्यांसकट, तिथंच वाचायला ठेवा,’ युसूफभाई म्हणाला. सावलीला चिंच, कडुलिंब लावा, कमी पाण्यात जगतात. बसायला ओटे करा. आणि तिकीट नको. शेजारच्या भिंगारच्या बाईला संध्याकाळी पोरं घेऊन फुकट येता आलं पाहिजे, ही एक अट मी सोडायला तयार नाही.

‘बरं, मग माझं काय?’ बाबूशेठने कोरड्या पेनाने पेपर खरवडत विचारलं. त्याचा चेहरा खरंच पडला होता.

‘तू खंदकातला गाळ काढ,’ ताई म्हणाल्या. ‘हातानं. जपून. यंत्र घालायचं नाही.’

‘काढू दे त्याला!’ बापू एकदम उठून उभा राहिला. ‘त्यात मपली सायकल निघंल!’

नववीत बाबूशेठने बापूची नवी हर्क्युलस पाच मिनिटांसाठी म्हणून नेली होती. ती किल्ल्याजवळ चोरीला गेली, असं तो आजवर सांगत आलाय.

‘चोरीलाच गेली रे!’

‘आणि तुझी पँट मांडीपर्यंत चिखलानं कशी भरली होती?’

आता बाबूशेठलाच हसू आवरेना. युसूफभाईने डोळे पुसत सांगितलं, की निघाली तर गंज काढू नका, तशीच कलादालनात ठेवा, खाली पाटी लावा. पाटीवर काय लिहायचं यावर टपरी बंद होईपर्यंत वाद चालला. शैलाताईंचं म्हणणं एवढंच होतं, की साल बरोबर टाका.